तक्रार वाढवली

बाळीवेस, सोलापूर
१९ नोव्हेंबर २०२५

चि. नवनाथ,

गिरिजामावशीचा आशीर्वाद. तुझ्या आईला नमस्कार सांग. तिला माझी ओळख पटली नाही तर सांग, ऑफिसात फोन उचलते ती, स्वतःच्या डब्यातली शेंगाचटणी तुझ्यापुढं सरकवून वर तुलाच बोलते ती बाई.

पत्र बघून हसू नकोस. फोन ऑफिसचा, त्यातलं सिम ऑफिसचं, आणि तू दोन्ही माझ्या टेबलावर ठेवून निघून गेलास. गाडीची किल्लीपण. मग माणसाला गाठायचं कसं? तुझ्या आधारकार्डाची झेरॉक्स फाइलमध्ये होती, तिच्यावर दुधनीजवळचा हा पत्ता मिळाला. लग्न झाल्यापासून मी कुणाला पत्र लिहिलेलं नाही. अक्षरावरून कळेलच तुला.

इकडं सगळं ठीक आहे असं लिहायचं असतं, म्हणून लिहिते. थंडी पडायला लागली आहे. सतीश तुझी आणि त्याची अशी दोघांची कामं एकटा ओढतोय आणि दिवसभर कुरकुरतोय. काल जुळे सोलापुरात जिना चढून पलंग पोचवून आला आणि माझ्यासमोर पाय पसरून बसला. "मावशी, सगळ्या गावाला पलंग भाड्यानं देतोय आपण, आता एक मलाच द्या की." मी हसले. मग तुझी खुर्ची दिसली आणि पुढचं हसू आलंच नाही. गुरुराज माझ्याशी शेठसारखा, कामापुरतं बोलतो. का, ते पुढं लिहिते.

आधी सॉफ्टवेअरचं लिहू दे. तू म्हणशील, म्हातारीला दुसरं काही सुचत नाही का? खरंच सुचत नाही रे. जेवताना, भांडी घासताना, देवासमोर बसले तरी तेच डोक्यात फिरतं. आपण ते कसं निवडलं, कोण काय म्हणालं, कोण कुठं बसलं होतं. एकदा सगळं ओळीनं लिहून काढलं म्हणजे बरं वाटेल असं वाटतं. वाटतं खरं.

तू आलास तेव्हाचा कारभार आठव. आपलं ऑफिस ते केवढं? पुढं व्हीलचेअरी आणि वॉकर, मागं पलंग आणि ऑक्सिजनच्या मशिनी, मधे माझं टेबल. पेशंटच्या घरून तक्रार आली की मी चिठ्ठी लिहायची, भिंतीवरच्या खिळ्याला टोचायची आणि तुम्हा दोघांच्या नावानं ओरडायचं. काम झालं की चिठ्ठी फाडायची आणि म्हणायचं, "वाढवली."

पहिल्याच दिवशी तू विचारलंस, "मावशी, ही तक्रार बंद करू का?" आणि मी डाफरले. "तोंड सांभाळ तम्मा. आजारी माणसांचं सामान देतोय आपण. हितं काय बी बंद होत न्हाई. नारळ फोडत न्हाईत, वाढवत्यात. बांगडी वाढती. दुकान वाढवायचं. मग तक्रार बी वाढवायची." धुळाप्पाअण्णांनी, म्हणजे गुरुराजच्या वडलांनी, दुकान टाकलं तेव्हापासूनची ही बोली. 'बंद' शब्द कानावर पडला की अण्णांचं तोंड वाकडं व्हायचं. तू लगेच उचललंस. उन्हाळ्यात एकदा घामानं निथळत आलास आणि म्हणालास, "अण्णा, तेवढा पंखा वाढवा की." अण्णांनी उठून पंखा बंद केला. तुझं तोंड बघण्यासारखं झालं होतं. त्या दिवशी आम्ही पोट धरधरून हसलो होतो.

पण चिठ्ठ्यांचं काही खरं नव्हतं, हे मी कबूल करते. होटगी रोडच्या एका आजोबांची चिठ्ठी वाऱ्यानं उडून कपाटामागं गेली आणि ते बिचारे आठवडाभर मोडक्या पलंगावर तिरके झोपले. त्यांचा मुलगा येऊन आम्हाला नको नको ते बोलून गेला. तेव्हा सॉफ्टवेअर घ्यायचं ठरवलं यात गुरुराजचं काही चुकलं नाही. मीसुद्धा मान डोलावली होती.

त्यानं तीन बघितली होती. लॅपटॉप माझ्या टेबलावर ठेवला आणि आपण सगळे भोवती जमलो. पहिलं फुकटातलं. पण फुकट फक्त तिघांपुरतं, आणि वापरणार आपण चौघं. गुरुराज म्हणाला, नवनाथ आणि सतीश एकाच नावानं चालवतील. सतीश म्हणाला, "मग पगार बी एकाच नावानं काढनार काय शेठ?" ते तिथंच निकालात निघालं.

दुसरं त्या हैदराबादच्या पोरानं व्हिडिओवर दाखवलं. मला तो आवडला होता. गोड बोलायचा, पण सारखा तिकीट, तिकीट. पेशंटचा फोन आला की मॅडम तुम्ही तिकीट कापायचं, असं त्यानं हिंदीत सांगितलं आणि तू आणि सतीश तोंड दाबून मागं पळालात. मी त्याला म्हटलं, बाबा रे, आजारी माणसाचं तिकीट कापू नको, आमच्याकडं त्याचा अर्थ फार वाईट होतो. त्याला काही राग आला नाही. त्यानं लगेच दाखवलं, यातला हवा तो शब्द बदलता येतो, तिकीट नको तर तक्रार लिहा, बटणावर तुमच्या बोलीतलं काय हवं ते लिहा. पण शब्द बदलायची सोय वरच्या प्लॅनमध्ये होती. तो प्लॅन ऐकून गुरुराजनं पाणी मागितलं.

राहिलं तिसरं. परवडणारं. त्यात सगळं होतं, कोण कुठल्या कामावर आहे ते दिसायचं, तुमच्या मोबाइलवर आपोआप निरोप जायचा. फक्त होतं इंग्रजीत. मी म्हटलं, मला नाही जमायचं, माझ्या जागी दुसरी कुणी शिकलेली पोरगी बघा. मी रुसलेच होते खरं तर. तेव्हा तू लॅपटॉप ओढून घेतलास, इकडं तिकडं बोट लावलंस आणि अख्खा पडदा मराठीत आणलास. "मावशीसाठी मराठी करा की. त्यात काय एवढं?" मग सगळ्यांच्या मोबाइलवरही तूच मराठी लावून दिलीस. ती मराठी कुणा माणसानं केलेली नव्हती. सोपवा, थांबवा, सोडवा, वाढवा, असली बटणं. आणि शब्द बदलायची सोय त्यात नव्हती. त्याचं तेव्हा कुणाला काही वाटलं नाही. मला तर तुझं इतकं कौतुक वाटलं की घरी जाऊन ह्यांना सांगितलं, पोटच्या पोरानं केलं नसतं असं त्या नवनाथनं केलं.

बटणं शिकवली त्या दिवशी तू बार्शीला मशीन पोचवायला गेला होतास. गुरुराज आम्हाला म्हणाला, एखादी तक्रार तातडीची असली की 'वाढवा' दाबायचं, म्हणजे ती सगळ्यांच्या वर जाते आणि ज्याच्या नावावर असेल त्याला निरोप जातो. मी म्हटलं, "अरे, वाढवा म्हंजे बंद न्हवं का?" सतीश इतका हसला की त्याचा चहा सांडला. गुरुराजही हसला. "मावशी, ते आपलं दुकानातलं. कॉम्प्युटरला काय ठाऊक?" मग फोन वाजला आणि आम्ही कामाला लागलो.

तू परत आल्यावर हे तुला कुणीच सांगितलं नाही. कुणी लपवलं नव्हतं. हसण्यावारी गेलेली गोष्ट मुद्दाम बसवून कोण कुणाला सांगतं?

आता तो दिवस. त्याच्या दुसऱ्या सकाळी गुरुराज ओरडत होता आणि तू खाली मान घालून किल्ली काढत होतास, तेव्हा मला बोलायचं होतं. माझं तोंड उघडेपर्यंत तू पायऱ्या उतरला होतास. म्हणून आता वाच.

त्या दिवशी दुपारी शेळगीहून केराबाईचा फोन आला. "बाई, आमच्या मालकाची मशीन टीं टीं करतीया. वारं कमी येतंय." येडूबाबांचं घर म्हटल्यावर मी दुसरं नाव घातलंच नाही, तुझंच घातलं. मंगळवेढ्याकडं जन्मभर मेंढरं राखलेला माणूस, छाती निकामी झाल्यावर लेकीजवळ म्हणून शेळगीच्या त्या एका खोलीत येऊन नाकात नळी घालून पडलेला, आणि तू मशीनची जाळी धुवायला गेलास की त्यांच्या मेंढरांच्या गोष्टी ऐकत बसायचास. मी फोनवरून तुला किती बोलायची! परत येऊन मला सांगायचास, मावशी, मेंढी हरवली तर बाबा तिच्या खोकल्यावरून वळखायचे म्हणे.

थोड्या वेळानं केराबाईचा परत फोन आला. जवळचा छोटा सिलिंडर लावला होता, तो संपत आला होता. "त्यास्नी लई धाप लागलीया. कवा येनार पोरगा?" मी म्हटलं, "निघालाय, येतोच हाय." आणि 'वाढवा' दाबलं, पहिल्यांदाच. पडद्यावर लाल अक्षरं आली, तक्रार वाढवली. मला बरं वाटलं. वाटलं, आता तू सगळं टाकून निघशील.

तू अक्कलकोट रोडला कुणाची तरी व्हीलचेअर दुरुस्त करत बसला होतास. त्या घरातल्या बाईंनी नंतर सतीशला सांगितलं की मोबाइल वाजल्यावर तू हत्यारं पिशवीत भरली होतीस, चप्पलसुद्धा घातली होतीस. मग परत वाजला, तू बघितलंस, आणि "झालं वाटतं तिकडं" म्हणून परत खाली बसलास. तुला तेच दिसलं जे मला दिसत होतं. तक्रार वाढवली. तू दुसरं काय समजणार होतास? तुला वाटलं सतीश जवळपास होता, जाऊन आला, मावशीनं चिठ्ठी फाडली. मी बटणाचा अर्थ गुरुराजकडून शिकले होते, आणि तू माझ्याकडून.

मी सरळ फोन का केला नाही, हे तू मनात विचारशीलच. नवा नियम होता, सगळं सॉफ्टवेअरवरून, फोन केला की नोंद राहत नाही. आणि पडदा लाल होता, मला तो बघून निर्धास्त वाटत होतं. केराबाईनं तिसऱ्यांदा विचारलं तेव्हाही मी तेच सांगितलं, येतोच हाय. शेवटी शेजाऱ्यांनी रिक्षात घालून त्यांना दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुराज तुला वाटेल ते बोलला आणि तू गेलास.

मी दवाखान्यात जात होते. ऑफिसला जाताना थोडा वेळ. येडूबाबांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता, बोलता येत नव्हतं, पण मला ओळखलं. केराबाई बाहेर बाकावर बसलेली असायची. तिच्यासाठी मी चहा न्यायची आणि तो तिच्या हातात तसाच गार व्हायचा.

नवनाथ, येडूबाबा गेले. हे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं. तुझ्या आईच्या नमस्कारापासून इथपर्यंत मी तेवढंच टाळत आले. कदाचित तुला कुणाकडून कळलंही असेल, पण न कळलं तर ते माझ्याकडून कळावं, सतीशकडून नाही आणि गुरुराजकडून तर नाहीच. त्यांच्या गावाकडं नेलं. मी जाऊ शकले नाही.

डॉक्टर म्हणाले, छातीत काही उरलं नव्हतं, मशीन चालू असती तरी फार दिवस नव्हते. मी विचारलं, फार म्हणजे किती? ते दुसऱ्या पेशंटकडं वळले. मी तुला खोटा धीर देणार नाही. मशीन वेळेवर दुरुस्त झाली असती तर ते आज असते का, मला माहीत नाही. मला रडू येतं आणि रागही येतो, आणि तो कुणावर काढायचा ते सापडत नाही. त्या बटणावर काढावा तर ते बटण म्हणजे कोण?

नंतर त्यांचा जावई शहाजी ऑफिसात आला. गुरुराजनं त्याला खुर्ची दिली आणि म्हणाला, आमचा टेक्निशियन गेला नाही, हलगर्जीपणा केला, त्याला आम्ही काढून टाकलंय. आणि माझ्याकडं बघितलं. मी नुसती मान हलवायची होती. नाही हलली. मी शहाजीला जे तुला आता लिहिलं ते सगळं सांगितलं, गुरुराजच्या समोर. तू निघाला होतास हेही सांगितलं, आणि का बसलास हेही.

शहाजी म्हणाला, "म्हंजी मामा येका शब्दापायी गेलं?" पुढं म्हणाला, "त्या पोराची तक्रार द्यायची म्हून घरनं निगालो हुतो. आता कुनाची दिऊ?" मग उठला आणि गेला. तेव्हापासून गुरुराज माझ्याशी मोजकं बोलतो. तो वाईट नाही रे. घाबरलाय. वडलांनी उभं केलेलं दुकान आपल्या हातून जाईल, याची धास्ती घेतली आहे त्यानं. दुसऱ्याच दिवशी त्यानं त्या हैदराबादच्या पोराला फोन करून त्याचं सॉफ्टवेअर घेतलं, वरच्या प्लॅनसकट. आता शब्द बदलता येतात. त्यातही मराठी केल्यावर 'वाढवा'च आलं, ते गुरुराजनं स्वतः बसून काढलं आणि तिथं लिहिलं, 'वर पाठवा.' सतीश बघतच राहिला. म्हणाला, "शेठ, हे तर त्येच्याहून वाईट हाय." कुणी हसलं नाही. शेवटी 'तातडीची' असं लिहिलं. हा प्लॅन आधीच घेतला असता तर, असं म्हणायचं नाही असं मी ठरवलंय. रोज म्हणते.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते. मशीन अजून शेळगीच्या खोलीतच आहे. भाड्याची वस्तू, परत आणायला हवी. केराबाई गावाहून दिवस करून आली तसा सतीश गेला होता, तिनं त्याला हात लावू दिला नाही. म्हणून मी गेले. ती मशीनला टेकून बसली होती. मशीनवर बाबांचा पटका धुऊन घडी घालून ठेवला होता. मी तिला सगळं सांगितलं, शब्दाचं, बटणाचं, तुझ्या चपलेचं. तिच्या कानात काही शिरलं की नाही, कळलं नाही. मग म्हणाली, "दुपारभर दाराकडं बगत हुतं. मी म्हनत हुते, यील, बाईनं सांगितलंय निगालाय म्हून. तर म्हनले, नवनाथ हाय व्हय, मग यील."

हे तुला लिहावं की लिहू नये, यातच इतके दिवस गेले. लिहिलं. ते 'निघालाय' मी म्हटलं होतं, तू नाही, हे लक्षात ठेव.

मी उठले तेव्हा केराबाई म्हणाली, "ज्यानं बशिवली त्यानंच न्यावी. दुसऱ्या कुनाला म्या दिनार न्हाय." रागानं म्हणाली की मायेनं, मला समजलं नाही. विचारायचा धीर झाला नाही.

तर तेवढ्यासाठी ये. नोकरीसाठी नको, गुरुराजसाठी नको, माझ्यासाठी तर नकोच. मशीन उचलायला ये. शेळगीपर्यंत मी तुझ्याबरोबर येईन, पण आत तुला एकट्यालाच जावं लागेल. ती बोलली तर ऐकून घे. रडली तर बस थोडा वेळ. दारातच थांबवून शिव्या दिल्या तरी मशीन घेतल्याशिवाय परत फिरू नकोस. ती रात्रंदिवस त्या मशीनशेजारी बसून असते, नवनाथ, आणि मला वाटतं ती अजून दाराकडंच बघते.

पत्राच्या शेवटी 'वाट पाहते' असं लिहितात. मला ते लिहवत नाही.

तुझी
गिरिजामावशी